नौदलं मोजायची तर कशानं मोजायची?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत आता अभ्यासिका झाल्या आहेत. पोलीस भरती, अग्निवीर, एमपीएससी अशी तयारी करणारी पोरं तिथं दिवसभर बसतात. सध्या त्यांच्यात एका प्रश्नावरून हमरीतुमरी होते : जगातलं सर्वांत मोठं नौदल कोणाचं? एकाच्या पुस्तकात उत्तर चीन, दुसऱ्याच्या पुस्तकात अमेरिका, तिसऱ्याच्या मोबाइलवर फिरत आलेल्या यादीत आणखी वेगळाच क्रम. चीनची जहाजं ३७० च्या वर, अमेरिकेची २९५ च्या आसपास, म्हणजे चीन पहिला आणि विषय संपला, असं एक जण म्हणतो. दुसरा उसळून सांगतो, "आपल्याजवळ दोन-दोन विमानवाहू जहाजं हायेत, कोन येते समोर?" तिसऱ्याच्या घरी कोरडवाहू शेती. तो म्हणतो, "आपल्याले काय करायचं समुद्राचं? कोन्याही बाजूनं गेलं तरी पाच-सहाशे किलोमीटर हाय." रात्री टीव्हीवर जी चर्चा होते ती याहून फार वरच्या पायरीची नसते. तिथं फक्त आवाज मोठा असतो आणि मागं क्षेपणास्त्र सुटतानाचं चित्र फिरत असतं.

हा वाद व्हायलाच हवा, पण तो चुकीच्या पायावर उभा आहे. माझं म्हणणं असं की नौदलाचं मोजमाप त्याच्यावर सोपवलेल्या कामावरून करावं. कोणत्या समुद्रात, कोणतं काम, त्यासाठी आज प्रत्यक्ष किती जहाजं बंदराबाहेर आहेत, आणि त्यातली चार बुडाली तर बदली जहाजं किती वेळात येतील, हे विचारल्याशिवाय पहिला-दुसरा नंबर लावण्यात काही अर्थ नाही. असं मोजलं की भारताची खरी उणीव ज्या जहाजांवर आपण भांडतो त्यांच्यात निघत नाही. ज्यांची नावंही कोणाला ठाऊक नसतात, अशा जहाजांत ती निघते.

आधी यादीचंच बघू. पशुगणनेला येणारा माणूस गोठ्यातल्या शेळ्या आणि म्हशी एकाच रकान्यात लिहीत नाही. नौदलांच्या याद्या मात्र नेमकं हेच करतात. अमेरिकेचं 'जेराल्ड फोर्ड' हे विमानवाहू जहाज सुमारे एक लाख टनांचं आहे. चीननं किनाऱ्याजवळच्या गस्तीसाठी बांधलेली टाइप ०५६ ही कॉर्व्हेट आहे दीड हजार टनांची. यादीत दोघांची किंमत एकच : एक जहाज. वजनाच्या हिशेबानं एका फोर्डमध्ये अशा साठ-पासष्ट कॉर्व्हेट बसतील. पुढं चीननं याच जातीच्या वीसहून अधिक नौका आपल्या तटरक्षक दलाकडं वळवल्या. त्या दिवशी यादीतली संख्या घटली. समुद्रात एकही जहाज कमी झालं नव्हतं. उत्तर कोरियाकडं सुमारे ७० पाणबुड्या असल्याचं सांगितलं जातं, म्हणून पाणबुड्यांच्या यादीत तो देश अमेरिका-चीनच्या पंगतीला जाऊन बसतो. त्यातल्या बहुतेक लहान, जुन्या, आपल्या किनाऱ्यापासून फार लांब न जाऊ शकणाऱ्या. अमेरिकेच्या सगळ्या पाणबुड्या अणुशक्तीवर चालतात आणि अन्नसाठा पुरेल तितके दिवस पाण्याखाली राहतात. या दोन आकड्यांची बरोबरी लावून कोणता निष्कर्ष काढणार?

जहाजाच्या जातीवर विसंबून राहावं तर तिथंही खाचखळगे आहेत. जपानची 'इझुमो' जवळपास २५० मीटर लांब आहे, तिची सपाट धावपट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, आता तिच्यावरून एफ-३५बी विमानं चालवण्यासाठी फेरबदल होत आहेत. पण जपानच्या दफ्तरी तिची नोंद विनाशिका (ताफ्याची राखण करणारी युद्धनौका, डिस्ट्रॉयर) म्हणून झाली, कारण त्यांच्या राज्यघटनेच्या चौकटीत आक्रमक शस्त्र बसत नाही. उलट चीनची टाइप ०५५ ही विनाशिका बारा-तेरा हजार टनांची, ११२ क्षेपणास्त्र-नळ्यांची. ती इतकी मोठी की अमेरिकेचे लोक तिला क्रूझर, म्हणजे विनाशिकेहून वरच्या जातीची युद्धनौका धरतात. आपली 'विशाखापट्टणम' वर्गातली विनाशिका ७,४०० टनांची. तिच्यावर ३२ बराक-८ आणि १६ ब्राह्मोस क्षेपणास्त्रं. कागदावर दोघी विनाशिकाच. "आपल्याकडं इतक्या विनाशिका, त्यांच्याकडं तितक्या" हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

हे पाहून काही जण म्हणतात, मग टन मोजा. वजन खोटं बोलत नाही. मोठ्या जहाजात इंधन जास्त मावतं, क्षेपणास्त्रं जास्त मावतात, वादळात ते टिकतं, घरापासून दूर महिनोन् महिने राहू शकतं. हा युक्तिवाद मला बराचसा पटतो. जहाजांची संख्या चीनची जास्त असूनही एकूण वजनात अमेरिका आजही बरीच पुढं आहे, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन लढण्याची तिची ताकद त्या वजनातूनच आलेली आहे. पण टनावर जगानं एकदा पूर्ण भरवसा ठेवून पाहिलेला आहे. १९२२ च्या वॉशिंग्टन करारानं अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचं प्रमाण ५:५:३ असं ठरवून दिलं. एका युद्धनौकेला ३५,००० टनांची आणि क्रूझरला १०,००० टनांची मर्यादा घातली. शांतता टनाच्या तराजूत तोलता येईल, असा त्यामागचा विश्वास होता. प्रत्यक्षात सगळे देश १०,००० टनांच्या काट्यावर बसणारी क्रूझर बांधायला लागले, आणि जपाननं करार सोडल्यावर सत्तर हजार टनांच्या पलीकडची 'यामातो' उभी केली. त्या काळापर्यंत तेवढं वजन कोणत्याच युद्धनौकेत नव्हतं. ७ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकी विमानांनी ती दोन तासांच्या आसपास बुडवली. तिच्या महाकाय तोफांना त्या दिवशी शत्रूचं एकही जहाज समोर दिसलं नाही. तिच्या वजनात कसलीच खोट नव्हती. ते वजन ज्या लढाईसाठी घडवलं होतं, ती लढाई तोवर इतिहासजमा झाली होती.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. संख्या तुच्छ मानणाऱ्यांना समुद्राचा इतिहास साथ देत नाही. एक जहाज एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतं. ते कितीही भारी असलं तरी दोन बंदरांची नाकेबंदी एकटं करू शकत नाही. याचा पुरावा आपल्या वऱ्हाडच्याच मातीत आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लिंकननं दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. किनारा साडेपाच हजार किलोमीटरचा आणि उत्तरेकडं नौदल म्हणावं तर नव्वदच्या आसपास जहाजं, त्यातलीही निम्म्याहून कमी कामाची. मग त्यांनी व्यापारी आगबोटी विकत घेतल्या, नदी ओलांडून माणसं नेणाऱ्या फेरी बोटींवर तोफा बसवल्या, नवी जहाजं बांधली. युद्ध संपेपर्यंत संख्या सहाशेच्या वर गेली. त्यातल्या कित्येक नौका एखाद्या बड्या युरोपीय युद्धनौकेसमोर अर्धा तास टिकल्या नसत्या. पण त्यांना लढाई करायचीच नव्हती. बंदराच्या तोंडाशी उभं राहायचं होतं, प्रत्येक बंदराच्या, रोज. त्यातून दक्षिणेचा कापूस अडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि खामगाव-अमरावतीच्या कापसाला कधी नव्हता असा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बंदरं मोकळी झाली आणि तो भाव कोसळला. वऱ्हाडच्या शेतकऱ्यानं ना ती जहाजं पाहिली, ना तो समुद्र. त्याच्या बोंडाचा दर मात्र त्या जहाजांच्या संख्येनं ठरवला. तेव्हा संख्येला महत्त्व आहे हे मी बिनशर्त मान्य करतो.

मात्र या उदाहरणात संख्या कशामुळं उपयोगी ठरली, हेही पाहावं लागतं. काम आधी ठरलं होतं, जहाजाची जात कामावरून ठरली आणि शेवटी किती लागतील हे किनाऱ्याच्या लांबीवरून निघालं. आपण हा क्रम उलटा लावतो. आधी दुसऱ्याचा आकडा पाहतो, मग त्याच्या बरोबरीला यायचं म्हणतो, आणि काम काय हे शेवटी, जमलं तर. क्रम उलटला की काय होतं ते रशियानं १९०५ मध्ये त्सुशिमाला पाहिलं. रशियाकडं आठ युद्धनौका, शिवाय आकडा फुगवण्यासाठी सोबत पाठवलेली जुनी किनारारक्षक जहाजं. जपानकडं युद्धनौका चार. रशियाचा ताफा बाल्टिकमधून निघून सात महिन्यांचा प्रवास करत, वाटेत मिळेल तिथं कोळसा भरत, थकलेल्या खलाशांसह तिथं पोचला. जपानी ताफा घराजवळ, सराव झालेला, दुरुस्त केलेला. दोन दिवसांत रशियाचा जवळपास सगळा ताफा बुडाला किंवा शत्रूच्या हाती लागला. जपाननं गमावल्या तीन टॉर्पेडो बोटी. त्या जुन्या जहाजांनी यादी लांबवली खरी, पण अख्ख्या ताफ्याचा वेग मंदावला.

यादीत कधीच न दिसणारी आणखी एक गोष्ट आहे. कोणत्याही नौदलाची सगळी जहाजं एकाच वेळी समुद्रात नसतात. ढोबळ हिशेब असा की एक हिस्सा मोहिमेवर, एक सराव-तयारीत, एक गोदीत दुरुस्तीला. म्हणजे तीन जहाजं असतील तेव्हा हमखास एक हाताशी असतं. फ्रान्सकडं 'शार्ल द गॉल' हे एकच विमानवाहू जहाज आहे. ते मोठ्या दुरुस्तीला गेलं की तेवढे महिने फ्रान्सकडं विमानवाहू जहाज नसतंच. रशियाचं 'अॅडमिरल कुझनेत्सोव्ह' वर्षानुवर्षं यादीत आहे आणि २०१८ पासून दुरुस्तीत अडकलेलं आहे. त्याच वर्षी ज्या तरंगत्या गोदीत ते होतं ती गोदीच बुडाली. ब्रिटननं पासष्ट-पासष्ट हजार टनांची दोन विमानवाहू जहाजं बांधली, पण त्यांच्याभोवती राखण करायला विनाशिका फक्त सहा, त्याही आलटून पालटून गोदीत. अभ्यासिकेतल्या पोरांना मी हेच सांगेन की 'विक्रमादित्य' आणि 'विक्रांत' मिळून दोन होतात हे बरोबर, पण बहुतेक दिवशी भरवशाचं एकच धरा. अमेरिकेकडं अकरा आहेत आणि तरीही त्यांची ओढाताण होते.

इथं कोणी १९७१ ची आठवण काढेल, आणि काढायलाच हवी. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. जेमतेम दोनशे-अडीचशे टनांच्या नौका, मुळात बंदराच्या राखणीसाठी सोव्हिएत रशियाकडून घेतलेल्या. त्यांनी 'खैबर' ही विनाशिका आणि 'मुहाफिज' हे सुरुंगविरोधी जहाज बुडवलं. तो दिवस आपण नौदल दिन म्हणून पाळतो. या विजयातून एक सोपा निष्कर्ष काढला जातो : लहान, स्वस्त नौका पुरेत, मोठ्या जहाजांवर पैसा कशाला? त्याला ताजं उदाहरणही जोडलं जातं. १४ एप्रिल २०२२ रोजी युक्रेननं किनाऱ्यावरून डागलेल्या नेपच्यून क्षेपणास्त्रांनी रशियाची 'मॉस्क्वा' ही ध्वजनौका बुडाली. युक्रेनकडं तेव्हा मोठं असं जहाजच नव्हतं. होतं ते त्यांनी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच बुडवलं होतं. पुढं ड्रोन बोटींनी रशियाचा काळ्या समुद्रातला ताफा क्रिमियातून नोव्होरोसिस्ककडं रेटला. मग मोठी जहाजं हवीत कशाला?

हा प्रश्न गंभीर आहे आणि जगभरची नौदलं आज त्याचंच उत्तर शोधत आहेत. पण कराचीची मोहीम पुरती सांगायला हवी. त्या तीन नौकांसोबत किल्टन आणि कच्छल या पाणबुडीविरोधी नौका होत्या, आणि इंधन देणारं 'पोषक' हे तेलवाहू जहाज होतं. त्याशिवाय तेवढ्या दूर जाऊन परत येणं त्या नौकांच्या आवाक्यातलं नव्हतं. त्या तीन क्षेपणास्त्र नौकांची नावं शाळेच्या भाषणात येतात, 'पोषक'चं येत नाही. आणि त्याच युद्धात पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ 'हंगोर' या पाकिस्तानी पाणबुडीनं आपली 'खुकरी' बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत राहिले. 'खुकरी' पाणबुडीविरोधी जहाजच होतं, पण तिच्या सोनारपेक्षा (पाण्यातला आवाज टिपणाऱ्या यंत्रापेक्षा) शत्रूच्या पाणबुडीचे कान लांबचं ऐकत होते. कराचीचा जय आणि खुकरीचा घाव एकाच आठवड्यातले आहेत. एक सांगून दुसरा गाळला की शिकवण खोटी होते. युक्रेनचंही तसंच. काळा समुद्र जवळपास चहूबाजूंनी बंद, अंतरं लहान, शत्रू नजरेच्या टप्प्यात. तिथं किनाऱ्यावरचं क्षेपणास्त्र पुरलं. एडनच्या आखातात आपलं मालवाहू जहाज पेटलं तर आपल्या किनाऱ्यावरचं क्षेपणास्त्र काय करणार?

तिथं जहाजच लागतं, आणि मोठं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांच्या माऱ्यानं 'मार्लिन लुआंडा' हे तेलवाहू जहाज पेटलं. त्यावर २२ भारतीय होते. आपल्या 'विशाखापट्टणम'वरचे नौसैनिक त्या जहाजावर चढून आग विझवायला झटले. त्याच वर्षी मार्चमध्ये चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर 'कोलकाता'नं अडवलं, हवाई दलाच्या सी-१७ विमानातून कमांडो समुद्रात उतरले, आणि चाळीस तासांनी ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुखरूप सुटले. अडीचशे टनांच्या नौकेला हे जमलं नसतं, आणि विमानवाहू जहाजाची त्यासाठी गरजही नव्हती. काम वेगळं, म्हणून जहाज वेगळं.

आता कोरडवाहूवाल्या त्या पोराचा प्रश्न. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्यामागं राग आहे आणि रागाला कारण आहे. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मोजदाद होते, तिथं हजारो कोटींच्या जहाजाचं कौतुक कोणत्या तोंडानं करायचं? पेरणीच्या तोंडावर कृषी केंद्रासमोर रांग लागते. डीएपी खताची दोन पोती हवी असतील तर सोबत नको असलेली औषधाची बाटली घ्यावी लागते, ज्याला आम्ही लिंकिंग म्हणतो. मागच्या हंगामात एका केंद्रावर माझ्यापुढं उभ्या असलेल्या म्हाताऱ्यानं ती बाटली काउंटरवर परत ठेवली तर त्याचं पोतंही आत गेलं. त्याला समुद्राच्या गोष्टी सांगायला मला लाज वाटली असती. दुकानदाराच्या लबाडीचा इलाज नौदलाकडं नाही. पण टंचाई असते तेव्हाच लिंकिंग चालतं, आणि टंचाईची एक वाट समुद्रावरून येते. देशात लागणारं जवळपास सगळं पोटॅश बाहेरून येतं. डीएपी किंवा त्याचा कच्चा माल सौदी अरेबिया, मोरोक्को, रशिया इथून येतो. युरियाच्या कारखान्यांना लागणारा बराच गॅस कतारहून होर्मुझच्या अरुंद सामुद्रधुनीतून येतो, आणि घरच्या चुलीवरच्या सिलिंडरचा मोठा हिस्साही त्याच वाटेनं. खाद्यतेल निम्म्याहून जास्त आयात. काळ्या समुद्रातली बंदरं २०२२ मध्ये बंद पडली, युक्रेनचं सूर्यफूल तेल थांबलं आणि आपल्या किराणा दुकानात प्रत्येक तेलाचा भाव चढला. त्या वर्षी तेलाचा डबा घेताना काळा समुद्र कुठं आहे हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. पैसे सगळ्यांनीच मोजले.

समुद्र आपला नाही, ही समजूत आपल्या इतिहासालाही धरून नाही. नागपूरच्या भोसल्यांकडं १७५१ पासून ओडिशाचा किनारा होता, बालासोरसारखं बंदर होतं. पन्नासेक वर्षं बंगालच्या उपसागराची एक बाजू नागपूरच्या राज्याची होती. कटकपर्यंत घोडदौड करणाऱ्या या राज्यानं आरमार म्हणावं असं काही तिथं उभं केलं नाही. कंपनीचा बंगाल एका टोकाला, मद्रास दुसऱ्या टोकाला आणि मधला किनारा आपला. ती दोन टोकं समुद्रानं जोडलेली राहिली आणि आपण जमिनीवरून पाहत राहिलो. १८०३ च्या ऑक्टोबरात कटक गेलं. मग अडगाव, मग गाविलगड, आणि डिसेंबरात देवगावचा तह : कटक प्रांत आणि बालासोर इंग्रजांना, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला. आरमार असतं तर सगळं वाचलं असतं असं मी म्हणत नाही. लढाया जमिनीवर हरल्या होत्या. पण किनारा हाती असून समुद्र सोडून देणं हा राज्यकर्त्यांनी केलेली निवड होती, आणि त्याची किंमत गाविलगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनाही मोजावी लागली. याउलट कोकणात १६७९ मध्ये खांदेरीच्या बेटावर शिवाजी महाराजांच्या माणसांनी तट बांधायला घेतला तेव्हा इंग्रजांची जहाजं मोठी होती, तोफा भारी होत्या. मराठ्यांच्या लहान, कमी पाण्यात चालणाऱ्या होड्या रात्रीतून दगड, चुना, धान्य आणि माणसं बेटावर पोचवत राहिल्या. इंग्रजांना ती रसद तोडता आली नाही. तिथं काम नेमकं ठाऊक होतं. १७५६ मध्ये विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं ते मात्र वॉटसन-क्लाइव्हच्या इंग्रजी ताफ्याला पेशव्यांनीच साथ दिली म्हणून. जहाजं कमी पडली म्हणून ते जळालं नाही. आंग्र्यांचं ते बळ पुन्हा उभं राहिलं नाही, आणि त्याचा लाभ कोणाला झाला हे सांगायला नको.

या कसोटीवर आज आपण कुठं आहोत? विमानवाहू जहाज दोन की तीन, हा वाद दहा-पंधरा वर्षं चालू आहे आणि त्यानं बाकीचं सगळं झाकोळलंय. १९९९ मध्ये तीस वर्षांत २४ पाणबुड्या बांधायची योजना मंजूर झाली. तिच्यातून नौदलाला मिळाल्या कलवरी वर्गाच्या सहा, शेवटची 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ रोजी. दरम्यान पाकिस्तान चीनकडून आठ पाणबुड्या घेतो आहे, त्यातल्या चार कराचीत बांधायच्या. पुरवठा जहाजांची ऑर्डर विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डला २०२३ मध्ये दिली गेली. पाच जहाजं, प्रत्येकी सुमारे ४४,००० टनांची. 'पोषक'ची खरी वारस हीच. मला या ऑर्डरचा आनंद नव्या विनाशिकेच्या बातमीहून जास्त झाला, कारण विनाशिकेला एडनजवळ महिनाभर ठेवायचं असेल तर तिला पाजणारं जहाज सोबत लागतं. आणि चीनचं खरं बळ ३७० या आकड्यात नाहीच. जगातली निम्मी व्यापारी जहाजं चीनच्या गोद्यांत बांधली जातात, भारताचा वाटा एक टक्क्याच्याही आत आहे. दीर्घ युद्धात बुडालेल्या जहाजाची जागा कोण लवकर भरणार, याचं उत्तर तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानची विमानवाहू जहाजं सुरुवातीला तोडीस तोड होती. अमेरिकेनं एसेक्स वर्गाची एकामागून एक पाण्यात उतरवली आणि जपानला बुडालेल्यांची भर काढता आली नाही. 'विक्रांत'साठी लागलेलं सुमारे ३०,००० टन खास पोलाद सेल या सरकारी पोलाद कंपनीनं देशातच बनवलं. त्याच सेलचा फेरो अलॉय कारखाना आपल्या चंद्रपुरात आहे, मँगनीजच्या खाणी भंडाऱ्यात आहेत, बारुदाचे कारखाने भंडारा-भद्रावतीला आहेत. जहाजबांधणी वाढली तर तिचा रोजगार फक्त किनाऱ्यावर राहणार नाही.

सगळ्यांत मोठी पोकळी मात्र सुरुंगांची आहे, आणि तिच्याबद्दल कोणत्याही चर्चेत चकार शब्द निघत नाही. समुद्रात टाकलेले सुरुंग शोधून निकामी करणारी जहाजं हा नौदलाचा सर्वांत अनाकर्षक विभाग. त्यांचे फोटो कोणी स्टेटसला ठेवत नाही. १४ एप्रिल १९८८ रोजी इराणच्या आखातात अमेरिकेची 'सॅम्युएल रॉबर्ट्स' ही फ्रिगेट एका सुरुंगानं जवळजवळ दोन तुकडे व्हायची वाचली. त्या सुरुंगाचा मूळ आराखडा १९०८ सालचा होता. १९९१ च्या युद्धात एकाच दिवशी 'त्रिपोली' आणि 'प्रिन्स्टन' अशी दोन मोठी अमेरिकी जहाजं इराकी सुरुंगांना धडकली. शंभर वर्षांपूर्वीच्या तंत्रावर बनलेली, ट्रकमधून नेता येणारी वस्तू अब्जावधीचं जहाज थांबवते, आणि जहाज न बुडवताही अख्खं बंदर बंद पाडते. नुसती "सुरुंग टाकलेत" अशी बातमी पसरली तरी विमा कंपन्या आणि कप्तान जहाज आत घालत नाहीत. आपल्याकडं शेवटचं सुरुंगविरोधी जहाज २०१९ मध्ये निवृत्त झालं. त्यानंतर अकरा हजार किलोमीटरच्या किनाऱ्याच्या देशाकडं या कामाचं एकही खास जहाज उरलेलं नाही. विदेशी गोदीशी वर्षानुवर्षं बोलणी चालली, निविदा निघाल्या, रद्द झाल्या. जुलै २०२५ मध्ये बारा जहाजांना प्राथमिक मंजुरी मिळाली. मंजुरी म्हणजे करार झाला असं नाही, आणि करारानंतरही जहाज पाण्यात उतरायला वर्षं जातात.

मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदराच्या तोंडाशी पाच सुरुंग पडले तर नागपूरच्या अजनीतून निघालेले कंटेनर, गोंदियाचा तांदूळ आणि आमच्या कापसाच्या गाठी तिथंच थांबतील, आणि जूनची डीएपीची रांग ऑगस्टपर्यंत लांबेल. आपल्याकडून ओडिशातल्या आयएनएस चिल्का या नौदलाच्या केंद्रात प्रशिक्षणाला जाणारी अग्निवीर पोरं दरवर्षी वाढताहेत. ती उद्या याच जहाजांवर असतील किंवा ती जहाजं नसल्यामुळं दुसऱ्याच जहाजावर जीव धोक्यात घालतील. आपल्या खासदारांना लोकसभेत तारांकित प्रश्न विचारता येतो : बारा सुरुंगविरोधी जहाजांच्या करारावर सही कधी होणार, पहिलं जहाज कोणत्या वर्षी मिळणार, आणि तोवर मुंबई, कोची, विशाखापट्टणमची तोंडं कोण साफ ठेवणार? विदर्भातल्या एकाही खासदाराच्या मतदारसंघाला समुद्र लागत नाही, आणि हा प्रश्न त्यांच्यापैकीच कोणीतरी विचारावा असं मला मनापासून वाटतं.